दसऱ्याच्या तिथीला लावून घेतलेले दार

दसरा हा घराबाहेर पडण्याचा सण आहे. उचगावसारख्या कोल्हापूरला खेटून असलेल्या गावातल्या माणसाला हे वेगळे सांगावे लागत नाही. आश्विन शुद्ध दशमीच्या संध्याकाळी करवीरचा शाही दसरा दसरा चौकात उघड्या आकाशाखाली होतो, शमीचे पूजन होते, सोने लुटले जाते, आणि या सगळ्याच्या मुळाशी सीमोल्लंघन असते. आपली शीव ओलांडून पलीकडे जायचे, भेटायचे, वाटायचे. याच मराठी मुलखात, याच तिथीला, काही घरांतून नेमके उलटे घडत आले. तिथे दार आतून लावून घेतले जाई, पाण्याचा थेंबही तोंडात न घेता दिवस काढला जाई आणि परक्या माणसाशी बोलणेही टाळले जाई. ही घरे कोकणातल्या बेने इस्रायलांची, म्हणजे मराठी बोलणाऱ्या यहुद्यांची. तो दिवस त्यांचा योम किप्पूर, प्रायश्चित्ताचा दिवस. तिथी तीच, हे अलंकारिक बोलणे नाही. 2022 मध्ये 5 ऑक्टोबरला, 2024 मध्ये 12 ऑक्टोबरला आणि 2025 मध्ये 2 ऑक्टोबरला दसरा आणि योम किप्पूर एकाच दिवशी आले. या योगायोगामागे जे गणित आहे, त्याचा या दिवसाच्या मराठी इतिहासाशी संबंध आहे असे मला वाटते. त्या इतिहासाबद्दल मला एकच गोष्ट मांडायची आहे. बेने इस्रायलांनी हा उपवास टिकवला तो मराठी गावाच्या चालीरीतींना न जुमानता नव्हे, तर त्याच चालीरीतींचा आधार घेऊन.

आधी हा दिवस मुळात काय आहे ते पाहू. बायबलच्या लेवीय या पुस्तकात सातव्या महिन्याच्या दहाव्या दिवशी जिवाला क्लेश द्यावेत आणि कोणतेही काम करू नये अशी आज्ञा आहे. जेरुसलेमचे मंदिर उभे होते तोवर या दिवसाचा गाभा तिथे होता. वर्षातून याच एका दिवशी महायाजक परमपवित्र स्थानात प्रवेश करी. इसवी सन 70 मध्ये रोमनांनी मंदिर पाडले आणि पुढे धर्मपंडितांनी त्या विधीची जागा प्रार्थनेने भरून काढली. आज जगभरचे यहुदी हा दिवस सभास्थानात काढतात. आदल्या सूर्यास्तापासून दुसऱ्या दिवशी तारे दिसेपर्यंत, सुमारे 25 तास, अन्न नाही, पाणी नाही, स्नान नाही, तेल-अत्तर नाही, चामड्याची पादत्राणे नाहीत. या वेळात पाच प्रार्थनासत्रे होतात. त्यासाठी प्रार्थनापुस्तक लागते, ते वाचणारा लागतो, तोरा या धर्मग्रंथाची गुंडाळी लागते, शेवटी फुंकायला शोफर हे शिंग लागते आणि किमान दहा पुरुषांचा जमाव लागतो.

कोकणातल्या बेने इस्रायलांकडे यातले जवळजवळ काहीच नव्हते. जुन्या कुलाबा जिल्ह्यात आणि जंजिरा संस्थानात ते गावोगाव विखुरले होते, आणि त्याचा पुरावा त्यांच्या आडनावांत आजही वाचता येतो. केहिमकर, दिवेकर, राजपूरकर, पेणकर, नवगावकर, अष्टमकर. एका गावात बहुधा दोनचार घरे. धंदा तेलाचा. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. हिब्रू भाषा विसरली गेली होती. उरला होता तो शमा, म्हणजे परमेश्वर एकच आहे असे सांगणारा मंत्र, आणि तो जन्मापासून मरणापर्यंत प्रत्येक प्रसंगी म्हटला जाई. मुंबईत त्यांचे पहिले सभास्थान उभे राहिले ते 1796 मध्ये. त्याआधी सभास्थान नाही, धर्मगुरू नाही, ग्रंथ नाही. अशा लोकांनी उपवास आणि प्रार्थनेचा दिवस पाळायचा म्हणजे त्यातून प्रार्थनेचा मोठा भाग वजा झालेलाच असतो. उरतो उपवास. उपवासाला पुस्तक लागत नाही आणि दहा माणसांचा जमावही लागत नाही. म्हणून तो टिकला, हे म्हणणे सोपे आहे आणि खरेही आहे, पण तेवढ्याने भागत नाही. चार घरे असलेल्या गावात, जिथे सकाळपासून कोणी तेल मागायला येणार, कोणी निरोप घेऊन येणार, तिथे एखाद्या कुटुंबाला पूर्ण दिवस कामाविना, अन्नाविना आणि मन एकाग्र करून काढायचा असेल तर त्याने करायचे काय?

याचे उत्तर हाईम सॅम्युएल केहिमकर यांच्या लिखाणात मिळते. बेने इस्रायलांचा पहिला मोठा इतिहास त्यांनी 1897 मध्ये लिहून पुरा केला, आणि तो ग्रंथरूपाने 1937 मध्ये तेल अवीवमध्ये छापला गेला. त्यांनी आपल्या समाजाच्या जुन्या सणांची मराठी नावे नोंदवून ठेवली. वर्षारंभाचा नव्याचा सण, मग खिरीचा सण, फाल्गुन पौर्णिमेच्या सुमारास होळीचा सण, चैत्रात आनशीचे, म्हणजे आंबट रसाचे, भांडे झाकून ठेवण्याचा सण, आणि बिरडे खाऊन पाळायचा बिरड्याचा सण. या मालिकेत योम किप्पूरचे नाव आहे दारफाळणीचा सण, दारे लावून घेण्याचा सण. आदल्या दिवशी ऊन आणि गार पाण्याने स्नान करायचे, पांढरी वस्त्रे घालायची, संध्याकाळपासून उपवास धरायचा, दार बंद करायचे आणि परजातीच्या माणसाचा स्पर्श व संभाषण टाळायचे. दुसऱ्या दिवशी शिळा सण. त्या दिवशी दार उघडे, गोरगरिबांना दान आणि आप्तेष्टांच्या भेटी. गेलेल्या माणसांची आठवण काढण्याची चालही या दिवसांना जोडली गेली होती, आणि पितृपक्ष ज्यांच्या शेजारी पाळला जातो त्यांच्याबाबत यात नवल नाही. ज्या समाजाकडे सभास्थान नव्हते त्याने दिवसापुरते घराचेच सभास्थान केले. त्यासाठी जे एकच साधन हाताशी होते, ते म्हणजे दार, त्याचा त्याने उपयोग केला. गावाने याला हरकत घेतली नाही, कारण गावाला हा प्रकार कळत होता. सोवळ्यात असलेल्या घरात शिरायचे नाही, व्रतस्थ माणसाला शिवायचे नाही, त्याला बोलते करायचे नाही, हे मराठी गावात कुणालाही समजावून द्यावे लागत नव्हते. दुसऱ्या कुठल्या देशात चार यहुदी घरांनी वर्षातून एकदा दारे लावून गावाशी बोलणे तोडले असते, तर संशयाला आमंत्रण मिळाले असते. युरोपच्या इतिहासात असा संशय जीवघेणा ठरल्याची उदाहरणे आहेत. कोकणात ते एका जातीचे व्रत ठरले.

संस्थांमुळे धर्म कसा टिकतो याचे उदाहरण उचगावच्या शेजारीच घडलेले आहे. सोव्हिएत संघात हद्दपार झालेली आणि तिथून सुटलेली सुमारे 5,000 पोलिश माणसे, बहुतेक स्त्रिया आणि मुले, 1943 पासून 1948 पर्यंत वळिवड्याच्या छावणीत राहिली. पुढे फाळणीनंतर तिथे सिंधी निर्वासित आले आणि आजचे गांधीनगर वसले. छावणीतल्या पोलिश लोकांजवळ कॅथलिक चर्च होते, धर्मगुरू होते, पोलिश शाळा होत्या, परागंदा पोलिश सरकारचे पाठबळ होते. त्यांचे सणवार पाच वर्षे बिनचूक पाळले गेले यात त्यांच्या निष्ठेचा वाटा आहेच, पण संस्थांचाही आहे. बेने इस्रायलांजवळ यातले काही नसताना त्यांचा काळ मात्र शतकांत मोजावा लागतो. त्या काळात संस्थेचे काम कशाने केले, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा आहे, आणि घराचे दार हे त्याचे अर्धेच उत्तर आहे.

उरलेले अर्धे उत्तर पंचांगात आहे, असा माझा तर्क आहे. दार कधी लावायचे हे कळल्याशिवाय दार लावण्याला अर्थ नाही. यहुदी कालगणना चांद्रसौर आहे. महिने चंद्राचे, पण ऋतू ढळू नयेत म्हणून 19 वर्षांत सात अधिक महिने धरायचे. आपले पंचांगही याच तत्त्वावर चालते. इस्लामी कालगणना निव्वळ चांद्र असल्याने रमजान सगळ्या ऋतूंतून फिरतो, तसे योम किप्पूरचे होत नाही. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की यहुदी महिना अमावास्येनंतरच्या चंद्रापासून सुरू होतो आणि महाराष्ट्रातला महिनाही तसाच. उत्तर हिंदुस्थानात महिना पौर्णिमेनंतर सुरू होतो, तिथे हे जुळले नसते. आता बायबलची आज्ञा मराठी पंचांगावर ठेवून पाहावी. बायबलचा पहिला महिना वसंतातला, आपला पहिला महिना चैत्र. सातवा महिना आश्विन. त्याचा दहावा दिवस आश्विन शुद्ध दशमी. ज्यांना हिब्रू महिन्यांची नावे उरली नव्हती, ज्यांच्याकडे छापील दिनदर्शिका नव्हती, त्यांना ‘सातव्याची दहावी’ एवढेच आजीकडून नातवाला सांगायचे असेल, तर गावचा जोशी वाचून दाखवी ते पंचांग त्यांच्या बाजूने साक्ष देत होते. होळीच्या पौर्णिमेला पुरीम, म्हणजे वरचा होळीचा सण, आणि चैत्री पौर्णिमेला वल्हांडण, म्हणजे आनशीचे भांडे झाकण्याचा सण, हीच संगती बाकीच्या सणांतही दिसते.

यावर आक्षेप निघेल, आणि तो निकाली काढायलाच हवा. दोन्ही गणनांचे अधिक महिने एकाच वेळी येत नाहीत. 2021 आणि 2023 मध्ये योम किप्पूर आश्विनात नव्हे तर भाद्रपद शुद्ध दशमीला, गणेशोत्सवाच्या दिवसांत आला. 2020 मध्ये तो अधिक आश्विनात पडला. शिवाय यहुदी नियमानुसार हा दिवस शुक्रवारी किंवा रविवारी येऊ दिला जात नाही, त्यामुळे एखाद्या दिवसाचा फरक पडू शकतो. मग पंचांगावर विसंबलेल्या कोकणातल्या कुटुंबाने काही वर्षी महिनाभर उशिरा उपवास केला असेल काय? केला असणे शक्य आहे. पण हा आक्षेप माझ्या मुद्द्याला कमकुवत करत नाही. जेरुसलेमशी दिवस तंतोतंत जुळवणे हे टपाल आणि छापखाना असलेल्या काळाचे काम आहे. आधीच्या शतकांत प्रश्न एवढाच होता की दिवस दरवर्षी आपल्या ऋतूत, आपल्या चंद्रकलेला परत यावा, विसरला जाऊ नये. ते काम पंचांगाने केले असणार, कारण दुसरे कुठलेही साधन त्या गावांत नव्हते. चुकीच्या महिन्यात पाळलेला उपवास पुढे दुरुस्त करता येतो. पाळणेच थांबले तर दुरुस्त करायला काही राहत नाही.

याहून कठीण आक्षेप कोचीकडून येतो. तिथले व्यापारी एझेकिएल रहाबी यांनी 1768 मध्ये हॉलंडला लिहिलेल्या पत्रात मराठ्यांच्या मुलखातल्या या यहुद्यांचा उल्लेख आहे. ते तेल गाळतात, काही शिपाईगिरी करतात, शनिवार पाळतात आणि शमा म्हणतात, यापलीकडे त्यांना धर्माची माहिती नाही, असा त्या वर्णनाचा आशय आहे. त्यात योम किप्पूरचे नाव नाही. मग हा सण त्यानंतर कोचीच्या शिक्षकांनी शिकवला आणि केहिमकरांनी तो अभिमानापोटी प्राचीन ठरवला, असे का म्हणू नये? केहिमकरांना अभिमान होता हे खरेच. बेने इस्रायलांना हनुक्का हा सण ठाऊक नव्हता, म्हणून ते तो सण सुरू होण्याआधी, म्हणजे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या मध्यापूर्वीच, मायदेशातून निघाले असले पाहिजेत, या तर्कावर त्यांची बाजू बरीचशी उभी होती. तो तर्क मला टिकाऊ वाटत नाही. एखादा सण ठाऊक नसणे म्हणजे तो कधी ठाऊकच नव्हता असे नव्हे, तो विसरलाही गेला असेल. म्हणून प्राचीनतेच्या शतकांचा हिशेब मी बाजूला ठेवतो, माझ्या युक्तिवादाला त्याची गरज नाही. पण रहाबींच्या पत्रातल्या मौनाचेही फार वजन धरू नये. शनिवार हा दिसणारा आचार आहे. घाणा थांबला की सगळ्या गावाला कळते आणि गावाकडून व्यापाऱ्याला कळते. दारफाळणीचा सण हा न दिसण्यासाठीच रचलेला आचार आहे. वर्षातून एक दिवस बंद दाराआड जे घडते ते शेकडो कोस दूरच्या कोचीत पोचले नाही, यावरून ते घडत नव्हते असे ठरत नाही.

कोचीच्या शिक्षकांनी हा सण नव्याने दिला असता तर त्याचे रूप वेगळे असते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कोचीहून आणि अन्य ठिकाणांहून आलेल्या शिक्षकांनी आणि गायकांनी जे दिले ते हिब्रू नावांनी, हिब्रू प्रार्थनांसह आणि सभास्थानातल्या पद्धतीने दिले. कुठलाही शिक्षक स्पर्श टाळा, परजातीशी बोलू नका, घरात कोंडून घ्या असे शिकवत नाही. तो लोकांना घराबाहेर काढून सभास्थानात आणतो. मग हा उपवास शेजाऱ्यांकडून उचलला असेल काय? उपवासाची वेळच हे नाकारते. हिंदू व्रत सूर्योदयाच्या तिथीवर चालते. मुसलमानांचा रोजा पहाटे सुरू होऊन मावळतीला सुटतो. दारफाळणीचा उपवास संध्याकाळी सुरू होऊन दुसऱ्या संध्याकाळनंतर सुटे. रात्रीसकट पूर्ण दिवस, संध्याकाळपासून संध्याकाळपर्यंत, ही मोजणी कोकणातल्या कुठल्याही शेजाऱ्याच्या उपवासाची नव्हती. ती लेवीयातली आहे. रीतभात मराठी आणि मोजमाप बायबलचे, असा हा जोड आहे, आणि तो बाहेरून एकदम आणून बसवता आला नसता. केहिमकरांच्या नोंदीत नंतरच्या थरातल्या काही उपवासांना रोजा म्हटले आहे आणि एका महिन्याच्या उपवासांना रमजान. शेजाऱ्यांकडून जे घेतले ते उघडपणे शेजाऱ्यांच्या नावाने घेतले गेले. दारफाळणीला असे उसने नाव नाही.

इथे एक मोह टाळायला हवा. योम किप्पूरच्या शेवटच्या प्रार्थनेला नेइला म्हणतात, आणि तिचा संबंध मंदिराची दारे मिटण्याशी, पुढे स्वर्गाची दारे मिटण्याशी लावला जातो. म्हणून दारफाळणी हे नेइलाचेच कोकणी रूप, असे म्हणणे आकर्षक वाटते. मला ते पटत नाही. नेइलाची दारे दिवस संपताना मिटतात, आणि ती मिटण्याआधी क्षमा मिळावी म्हणून माणूस घाई करतो. कोकणातले दार दिवस सुरू होतानाच मिटते आणि संपताना उघडते. एक ईश्वराचे दार आहे, दुसरे माणसाचे. दोहोंना एक ठरवले तर या लोकांनी आपल्या अडचणीतून स्वतः काढलेल्या वाटेचे श्रेय आपण त्यांच्याकडून काढून घेतो.

सर्वांत गंभीर आक्षेप नैतिक आहे. जातीच्या विटाळाची भाषा उचलून क्षमायाचनेचा दिवस पाळणे यात काही विपरीत नाही काय? आहे. ही भाषा निष्पाप नव्हती. बेने इस्रायलांनी ती आपल्या समाजाच्या आतही वापरली. गोरे इस्रायल आणि काळे इस्रायल असा भेद करून त्यांनी आपल्याच बांधवांशी रोटी-बेटी व्यवहार नाकारला. गावाच्या ज्या व्यवस्थेने त्यांना दार लावू दिले तिनेच त्यांना दुसऱ्याच्या तोंडावर दार लावायलाही शिकवले. हे झाकून मराठी सहिष्णुतेचे गोडवे गाणे अप्रामाणिकपणाचे होईल. कोकणात यहुद्यांचा छळ झाला नाही, ही गोष्ट मोठी आहे आणि ती अभिमानाने सांगावी. पण त्यांना जी जागा मिळाली ती जातीची जागा होती, आणि तिचे फायदे घेताना त्यांनी तिचे दोषही घेतले. एवढेच म्हणता येईल की वर्षातल्या या एका दिवशी त्या भाषेचा उपयोग कोणाला खाली ढकलण्यासाठी नव्हे, तर स्वतःला आवरण्यासाठी होत होता.

दार उघडले ते मुंबईने. ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणीत शिरलेले बेने इस्रायल मुंबईत येऊन राहू लागले आणि त्यांच्यातले एक अधिकारी सॅम्युएल दिवेकर यांनी 1796 मध्ये शार हारहमीम, दयेचे द्वार, हे सभास्थान बांधले. टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटल्यावर नवसाची फेड म्हणून त्यांनी ते बांधले अशी परंपरा आहे. लोक सभास्थानाला मशीदच म्हणत, आणि ही पुढे जुनी मशीद झाली. 1848 मध्ये अलिबागेत आणि 1849 मध्ये पनवेलीत सभास्थाने झाली. जॉन विल्सनसारख्या मिशनऱ्यांनी हिब्रू शिकवले ते धर्मांतराच्या आशेने, पण विद्यार्थी हिब्रू शिकले आणि यहुदीच राहिले. पुढे जोसेफ एझेकिएल राजपूरकरांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. आता प्रायश्चित्ताच्या दिवशी मराठी यहुदी माणूस पांढरे कपडे घालून घरातून निघू लागला आणि दिवसभर सभास्थानात, आपल्या लोकांत बसू लागला. वजा झालेली प्रार्थना परत आली. हा लाभ फार मोठा होता. ज्यांनी तो मिळवून दिला त्यांना जुना घरगुती आचार अज्ञानाचे लक्षण वाटला, आणि नंतरच्या बहुतेक लिखाणात तो तसाच, विस्मृतीच्या काळातला एक भाबडा अवशेष म्हणून येतो. माझा विरोध आहे तो या शेऱ्याला. राजपूरकरांचे मराठी प्रार्थनापुस्तक हाती घ्यायला कोणी उरले, ते त्याआधीच्या पिढ्यांनी पुस्तकाविना दिवस राखला म्हणून.

हा वाद केवळ अभ्यासकांचा नव्हता. 1948 नंतर बेने इस्रायल मोठ्या संख्येने इस्रायलला गेले. तिथे धर्मपीठाने 1962 मध्ये त्यांच्या विवाहांबाबत शंका उपस्थित केली. शतकानुशतके पंडितांविना राहिलेल्या लोकांचे विवाह आणि घटस्फोट शास्त्राप्रमाणे झाले कशावरून, असा तो प्रश्न होता. निदर्शने झाली, सत्याग्रह झाले आणि 1964 मध्ये त्यांना पूर्णपणे यहुदी मानण्यात आले. पंडित नव्हते म्हणजे धर्म नव्हता, असे त्या शंकेमागचे गृहीतक होते, आणि दारफाळणीचा सण या गृहीतकाला दिलेले सर्वांत जुने उत्तर आहे. आज महाराष्ट्रात या समाजाची काही हजार माणसे उरली आहेत. राज्य सरकारने 2016 मध्ये त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. मुंबई, ठाणे, पुणे, अलिबाग, पनवेल इथल्या सभास्थानांत योम किप्पूरची प्रार्थना हिब्रूतून होते आणि घराचे दार लावून घेण्याचे कारण कोणाला उरलेले नाही. इस्रायलमध्ये तर त्या दिवशी सगळ्या देशाचे रस्ते, बाजार आणि विमानतळ बंद असतात. तिथे वाढलेल्या मराठी घरातल्या मुलाला, चार घरांच्या गावात हा दिवस राखायला पणजीला स्वतःचे दार का लावावे लागे, हे सांगितल्याशिवाय समजणार नाही. ते सांगताना अज्ञान हा शब्द वापरू नये, एवढी माझी मागणी आहे.